वॅगन-आरचे डिस्क पॅड घरी बदलताना घेतलेल्या वस्तूंचे परीक्षण

चिपळूणला राहणाऱ्या माझ्या आत्याची वॅगन-आर २०१९ साली बाजारात आलेल्या नव्या बांधणीची आहे. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. या गाडीचे पुढचे डिस्क पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला (डिस्कला) दोन्ही बाजूंनी दाबणारे घर्षणाचे तुकडे, मी आत्याच्या अंगणात बदलले आणि त्या कामासाठी पॅडच्या संचाबरोबरच ट्रॉली जॅक, स्टँड, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराइतकेच नट आवळता येणारा पाना), सी-क्लॅम्प, सिलिकॉन ग्रीस आणि ब्रेक क्लीनर अशा बऱ्याच वस्तू विकत घेतल्या. त्या वस्तूंचे हे परीक्षण आहे. घरी हे काम करू पाहणारा माणूस सहसा सर्वांत आधी ‘पॅड कोणत्या कंपनीचे घ्यावेत’ हाच प्रश्न विचारतो. काम पूर्ण केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, नावाजलेल्या कंपनीचा आणि योग्य भाग क्रमांकाचा कोणताही संच या गाडीला पुरेसा आहे. ब्रेक नीट लागणार की नाही, हे त्याहून अधिक कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना, त्यांवरचे ग्रीस आणि नटांची आवळणी यांवर ठरते. खर्चाची विभागणीही त्याच हिशेबाने करावी.

आत्या स्वतः गाडी चालवते आणि कुंभार्ली घाटाने कराडला तिचे वरचेवर जाणे-येणे असते. घाट उतरताना ब्रेकवर किती भार येतो याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. माणसांसह गाडीचे वजन एक टन धरले आणि ती ५०० मीटर उंचीवरून खाली उतरली, तर सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. साधारण साडेचौदा लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेणारी ही उष्णता आहे. खालच्या गिअरमध्ये उतरले, तर तिचा मोठा वाटा इंजिन घेते. पेट्रोल वाचवण्याच्या कल्पनेने न्यूट्रलवर उतरले, तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे पुढच्या चाकांच्या ब्रेकना मागच्यांपेक्षा कितीतरी जास्त काम करावे लागते. ज्या गाडीत आपले माणूस बसून हा घाट उतरणार आहे, तिच्या ब्रेकसाठी घेतलेली वस्तू केवळ स्वस्त आहे म्हणून निवडणे मला योग्य वाटत नाही.

गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून ब्रेक लावताना बारीक किरकिर येऊ लागली होती. अनेक डिस्क पॅडना पोलादी पट्टीचा एक छोटा दर्शक असतो. पॅडचे घर्षण-द्रव्य ठरावीक मर्यादेपर्यंत झिजले की ही पट्टी डिस्कला टेकते आणि मुद्दाम आवाज करते. चाक उतरवल्यावर दिसले ते असे की, आतल्या बाजूचा पॅड संपत आला होता आणि बाहेरच्या बाजूच्या पॅडचे निम्म्याहून अधिक द्रव्य शिल्लक होते. याआधीच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘ब्रेक तपासले’ असे लिहिलेले होते. चाक न काढता रिमच्या फटीतून बघितले तर फक्त बाहेरचा पॅड दिसतो, आणि तो या गाडीत ठणठणीत होता. दोन पॅडमधील ही तफावत कुठून आली, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याकडे येण्याआधी पॅडविषयी सांगतो.

पॅडचा संच मी मारुतीच्या अधिकृत सुट्या भागांच्या काउंटरवरून, गाडीचा चॅसिस क्रमांक देऊन घेतला. हीच पद्धत मी इतरांनाही सुचवीन, कारण एकाच नावाच्या गाडीच्या निरनिराळ्या वर्षांच्या आवृत्त्यांमध्ये पॅडचा आकार बदललेला असू शकतो आणि ‘वॅगन-आरचे पॅड द्या’ एवढ्या माहितीवर दुकानदार कोणता संच काढून देईल याचा भरवसा नसतो. पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांमध्ये ब्रेक्स इंडिया, राणे आणि बॉश यांचेही पॅड मिळतात. तेथून घ्यायचे असतील, तर जुना पॅड किंवा त्याचा स्पष्ट फोटो बरोबर न्यावा. पाकिटावर छापील किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष, उत्पादकाचे नाव व पत्ता आणि भाग क्रमांक हे सर्व असलेच पाहिजे. यांतील एखादी गोष्ट नसेल किंवा छपाई पुसट असेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी तो संच घेऊ नये. ब्रेकचा नकली भाग दिसायला खऱ्यासारखाच असतो आणि त्याचा खोटेपणा पहिल्यांदा उघड होतो तो पॅड तापल्यावर.

बऱ्याच पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर बारीक अक्षरांत एक संकेत छापलेला असतो आणि त्याच्या शेवटी दोन रोमन अक्षरे असतात, उदाहरणार्थ ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’. यांतील पहिले अक्षर सामान्य तापमानाचा घर्षणांक (पकडीचे माप) सांगते आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतला. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. घाटात चालणाऱ्या गाडीसाठी दुसऱ्या अक्षराकडे लक्ष द्यावे: पहिले ‘एफ’ आणि दुसरे ‘ई’ असेल, तर तापल्यावर त्या द्रव्याची पकड कमी होते असा त्याचा अर्थ आहे. हा संकेत प्रयोगशाळेतील छोट्या नमुन्यावरून ठरतो. त्यावरून गाडी किती मीटरांत थांबेल हे कळत नाही. तरीही दोन संचांमध्ये निवड करताना तो उपयोगी पडतो, आणि दुकानात कोणी त्याकडे बघत नाही म्हणून तो मुद्दाम येथे नोंदवला आहे. वर्णक्रमात पुढचे अक्षर म्हणजे अधिक चांगला पॅड असे मात्र समजू नये. पुढच्या पॅडची पकड मागच्या लायनरशी (ड्रमला आतून घासणाऱ्या घर्षण-पट्ट्यांशी) जुळलेली असावी लागते, आणि तो हिशेब गाडीच्या निर्मात्याने आधीच केलेला असतो. घरगुती वापराच्या गाडीला मूळ पॅड घ्यावेत असे माझे मत आहे, ते याच कारणासाठी.

संच उघडल्यावर आत चार पॅड आहेत ना, त्यांच्या पाठीला शिम (आवाज रोखणारी पातळ पत्री) बसवलेली आहे ना आणि पॅड ज्या पोलादी क्लिपांवर सरकतात त्या क्लिपा संचात आहेत की वेगळ्या घ्याव्या लागणार आहेत, हे दुकानातच बघून घ्यावे. समुद्राजवळच्या गावात या क्लिपांखाली गंज फुगतो आणि पॅड जागच्या जागी घट्ट बसतो. म्हणून कोकणातल्या गाडीला त्या नव्याच घालाव्यात. नव्या पॅडचे कान (दोन टोकांना पुढे आलेले भाग) क्लिपांत हाताच्या हलक्या दाबाने सरकले पाहिजेत. ते हातोडीने ठोकून बसवायची वेळ आली, तर चूक पॅडची नसून खालच्या गंजाची असते, आणि तो गंज कानशीने व वायर ब्रशने काढणे हाच त्यावरचा उपाय आहे.

आता पिनांविषयी. या गाडीचा कॅलिपर ‘फ्लोटिंग’ प्रकारचा, म्हणजे सरकणारा आहे. त्यात पिस्टन एकच असतो आणि तो आतल्या बाजूला असतो. आपण पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच दाबाच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आतल्या बाजूला सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. पाय काढल्यावर पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील आपल्या मूळ आकारात येते आणि पिस्टनला किंचित मागे घेते. तो मागे घेतला जाणे मिलिमीटरच्याही लहान अंशात असते. या रचनेत पिना मोकळ्या सरकल्या नाहीत, तर बाहेरच्या पॅडला काम मिळत नाही, आतला पॅड एकटाच झिजतो, ब्रेक सोडल्यावरही तो डिस्कला घासत राहतो, डिस्क तापते आणि गाडी एका बाजूला ओढते. आत्याच्या गाडीच्या डाव्या कॅलिपरची खालची पिन हाताने हलतच नव्हती. तिच्या रबरी बुटाला (पाणी-धूळ अडवणाऱ्या आवरणाला) चीर गेली होती, आत पावसाचे पाणी शिरले होते आणि मूळचे ग्रीस तपकिरी, कोरड्या खपलीसारखे झाले होते. अशा गाडीत जगातले सर्वोत्तम पॅड बसवले असते, तरी त्यांतला आतला पॅड तितक्याच वेगाने संपला असता.

पिना काढताना वरची पिन वर आणि खालची खाली राहील अशी खूण करून ठेवावी, कारण काही कॅलिपरमध्ये दोन्ही पिनांची घडण वेगळी असते. जुने ग्रीस कापडाने पुसून पिन ब्रेक क्लीनरने स्वच्छ करावी. पिनेच्या पृष्ठभागावर खड्डे पडले असतील, तर पॉलिश पेपरने घासत बसू नये, नवी पिन घ्यावी. पिन ज्या भोकात बसते ते भोकही आतून तितकेच स्वच्छ करावे लागते, आणि नेमकी हीच गोष्ट घाईच्या कामात राहून जाते. दोन पिना आणि चार रबरी बूट यांचा दुरुस्ती-संच पॅडच्या तुलनेत फारच स्वस्त मिळतो. मी तो पॅडबरोबरच मागवला होता आणि या सबंध खरेदीत सर्वांत मोलाचा पैसा त्यावर खर्च झाला असे मी म्हणेन. नव्या बुटात नवे ग्रीस भरून पिन बसवल्यावर कॅलिपर एका बोटाने पुढे-मागे सरकू लागला. उजव्या बाजूच्या पिना हलत होत्या, तरीही त्या काढून तेच सोपस्कार तेथेही केले.

ग्रीसच्या बाबतीत बाजारात फार गोंधळ आहे. कॅलिपरच्या पिनांचे बूट सहसा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर ब्रेक ऑइलला टिकते, पण खनिज तेलाने फुगते. चाकांच्या बेअरिंगला वापरतात ते नेहमीचे लिथियम ग्रीस, इंजिन ऑइल, रॉकेल, डिझेल यांपैकी काहीही या रबराला लागता कामा नये. रबर फुगले की पिन पुन्हा अडकते, आणि ही अडचण काम झाल्यानंतर काही महिन्यांनी उभी राहत असल्यामुळे तिचा संबंध ग्रीसशी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. एका दुकानात ‘कॅलिपर ग्रीस’ म्हणून माझ्यासमोर जो डबा ठेवला गेला, त्यावर बारीक अक्षरांत लिथियम ग्रीस असेच लिहिलेले होते. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न जाता डब्यावर ‘सिलिकॉन’ हा शब्द आणि रबरासाठी सुरक्षित असल्याचा उल्लेख शोधावा. मी घेतलेली सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब चारही पिनांना पुरून उरली. पॅडच्या कानांना आणि पाठीला मात्र वेगळे, जास्त तापमान सोसणारे सिरॅमिक ग्रीस अगदी पातळ लावावे. घर्षणाच्या पृष्ठभागावर ग्रीसचा ठिपकाही जाऊ देऊ नये. गेलाच, तर तो पॅड वापरू नये.

जॅक आणि स्टँड यांविषयी माझे मत कडक आहे. गाडीबरोबर येणारा कात्रीसारखा जॅक रस्त्यावर स्टेपनी बदलण्यापुरता असतो, ब्रेकच्या कामाला तो चालत नाही. मी दोन टन क्षमतेचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक आणि दाते असलेल्या खांबाचे दोन स्टँड घेतले. जॅक उत्तम निघाला: हँडल लांब आहे, उचलणे सोपे आहे आणि खाली सोडताना गाडी हळूहळू उतरते. पण हायड्रॉलिक जॅक कितीही चांगला असला, तरी त्याचे सील केव्हाही दगा देऊ शकते, म्हणून गाडी त्यावर ठेवून काम करायचे नसते. जॅकने उचलायची आणि स्टँडवर ठेवायची. घेतलेल्या स्टँडमध्ये दात्यांच्या कुलपाबरोबर आणखी एक आडवी सुरक्षा-पिन आहे, आणि ती असलेलेच स्टँड घ्यावेत. क्षमता लिहिलेली असते ती एका स्टँडची की जोडीची, हे लेबलवर नीट वाचावे. कोकणात आणखी एक अडचण येते. अंगण जांभ्याचे किंवा मातीचे असेल, तर स्टँडचे चार पाय भाराखाली रुततात. मी प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा चौकोनी तुकडा ठेवला. लोखंडी पत्राही चालेल, पण ओल्या जमिनीवर तो सरकतो. पावसाळ्यात उघड्या अंगणात हे काम करूच नये. स्टँडवर ठेवण्याच्या जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या असतात आणि त्या सोडून दुसरीकडे टेकू दिला तर तळाचा पत्रा दबतो. पुढची चाके उचलताना हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये आणि मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावलेली असावी. या गाडीचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, त्यामुळे पुढचे काम करताना त्याचा आधार मिळतो. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला हाताने जोरात हलवून पाहावे आणि मगच चाकाच्या आत हात घालावा. काढलेले चाकही मी गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवले होते.

पिस्टन मागे ढकलण्यासाठी घेतलेला साधा सी-क्लॅम्प या सर्व वस्तूंत सर्वांत स्वस्त होता आणि त्याच्याविषयी तक्रारीला जागाच नाही. जुना पॅड पिस्टनवर ठेवून त्यावर क्लॅम्प लावला की दाब सारखा येतो. स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन तिरपा ढकलण्याची पद्धत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. तिने पिस्टनचा रबरी बूट फाटतो, आणि तो फाटला की पुढच्या पावसाळ्यात पिस्टनच गंजतो. पिस्टन मागे जातो तसे बॉनेटखालच्या टाकीत ब्रेक ऑइल वर चढते. टाकी आधीच भरलेली असेल, तर ते ओसंडून रंगावर सांडते आणि रंग उचलतो, म्हणून थोडे ऑइल सिरिंजने काढून ठेवावे, आणि सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. क्लॅम्प फिरवताना घाई करू नये. कॅलिपर सुटा झाल्यावर तो रबरी होजवर लोंबकळत ठेवायचा नाही. तारेने स्प्रिंगला बांधून ठेवायचा.

ब्रेक ऑइल या कामात बदलावे लागत नाही, पण तपासावे अवश्य. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, तर सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो किमान १४० अंश धरला जातो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात कॅलिपर तापून ऑइल उकळले, तर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल एकदम तळाला जाते. कोकणातल्या दमट हवेत ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घेण्यात कसूर करू नये. कोणत्या प्रतीचे ऑइल घालायचे ते टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते, आणि सिलिकॉनचे डॉट ५ त्यात कधीही मिसळायचे नसते. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवण्यात काही अर्थ नाही.

डिस्क बदलायची की ठेवायची, हे ठरवण्यासाठी जाडी मोजावी लागते. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा ओतीव अक्षरांत असतो. व्हर्निअर कॅलिपरने मोजताना अडचण अशी की, बाहेरच्या कडेला न झिजलेला ओठ उरलेला असतो आणि व्हर्निअर त्याच ओठाची जाडी सांगतो. त्यासाठी सारख्या जाडीचे दोन वॉशर डिस्कच्या दोन्ही बाजूंना, ओठाच्या आत धरावेत, त्यांसह जाडी मोजावी आणि दोन्ही वॉशरची जाडी वजा करावी. आत्याच्या गाडीच्या डिस्क मर्यादेच्या आत होत्या, त्यांवर तडे किंवा निळसर डाग नव्हते आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत नव्हते, म्हणून त्या तशाच ठेवल्या.

टॉर्क पाना ही या यादीतील अशी वस्तू आहे की जी बहुतेकांना अनावश्यक वाटते, आणि ती पॅडच्या संचापेक्षा महागही पडली. तरीही हत्यारांमध्ये जॅक-स्टँडनंतर मी तिलाच दुसरे स्थान देईन. चाकाच्या चार नटांना आणि कॅलिपरच्या बोल्टांना लागणारा जोर अगदी वेगळा असतो. कॅलिपरच्या पिनांचे बोल्ट बारीक असतात आणि त्यांना चाकाच्या नटांच्या मानाने फारच कमी न्यूटन-मीटर लागतात. चाकाच्या पान्याच्या सवयीने ते आवळले, तर आटे जातात. उलट चाकाचे नट हवेच्या बंदुकीने बेताल आवळले, तर रस्त्यात पंक्चर झाल्यावर आत्यासारख्या साठी ओलांडलेल्या बाईला ते टॉमीने सुटणारच नाहीत. मी अर्ध्या इंची चौकाचा (सॉकेट बसवायच्या चौकोनी टोकाचा) ‘क्लिक’ होणारा पाना घेतला. चाकाच्या नटांवर तो अचूक आणि हाताळायला सुखद वाटला, आवाज स्पष्ट येतो आणि मुठीची पकड घामानेही सुटत नाही. पण त्याच्या मोजपट्टीच्या खालच्या टोकाला आकडे इतके दाट आहेत की कॅलिपरच्या बोल्टांसाठी मला तो विश्वासार्ह वाटला नाही, आणि त्या कामासाठी एका मित्राचा लहान, तीन-अष्टमांश इंची पाना वापरावा लागला. एकच पाना घेऊन दोन्ही कामे होतील असे जाहिरातीत म्हटलेले असले, तरी त्यावर विसंबू नये. नेमके आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत. टॉर्क पाना नट सोडवण्यासाठी वापरायचा नसतो, आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग मोजपट्टीच्या सर्वांत खालच्या आकड्यावर सैल करून ठेवायची असते. सोडवण्यासाठी मी नाशिकच्या तापरियाचे रिंग पाने आणि सॉकेट वापरले. ते घरात वर्षानुवर्षे आहेत, त्यांनी एकाही बोल्टचे डोके गोल केलेले नाही आणि नव्याने पाने घेणाऱ्याला मी तेच सुचवीन.

ब्रेक क्लीनरचा एक डबा दोन चाकांना पुरतो. त्याचे काम चोख आहे. तो तेलकटपणा काढतो आणि मागे काही ठेवत नाही. त्याच्या वाफा मात्र तीव्र असतात, त्यामुळे उघड्यावरच वापरावा, जवळपास देवघरातला दिवाही पेटता नसावा. ब्रेकची काळी धूळ हवेच्या झोताने किंवा तोंडाने फुंकून उडवू नये. जुन्या, अनोळखी लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच वागावे. धूळ आधी ओली करून कापडाने टिपावी आणि तोंडावर चांगला मास्क ठेवावा. एका वेळी एकाच चाकाचे काम करावे, म्हणजे काही शंका आली तर दुसरे चाक नमुन्यादाखल जसेच्या तसे राहते.

चाके बसवून, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून झाल्यावर गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावेच लागते. पिस्टन मागे गेलेले असतात, त्यामुळे पहिले काही दाब पोकळ जातात. हे न करता गाडी अंगणातून बाहेर काढली, तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागणार नाही. त्यानंतर टाकीतल्या ऑइलची पातळी बघावी. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वेगावरून १०पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करणे, मध्ये गाडी चालती ठेवून ब्रेक गार होऊ देणे, असे पुनःपुन्हा केले. तापलेला ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवायची नाही, एवढे पथ्य या काळात पाळावे लागते. त्याने पॅडच्या द्रव्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. तो बसेपर्यंत नवे पॅड जुन्यांपेक्षा कमी पकडतात, हे गाडी वापरणाऱ्या माणसाला सांगितले पाहिजे. आत्याला मी ते सांगितले आणि थर नीट बसून पेडलची तिला सवय होईपर्यंत घाटात जाऊ नकोस असेही बजावले.

वापरानंतरचा अनुभव असा आहे. आवाज येत नाही, गाडी सरळ थांबते आणि कराडहून परतल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या रिम हाताला सारख्याच कोमट लागतात. मोकळ्या झालेल्या पिनांचा हा सर्वांत सोपा पुरावा आहे. डिस्कला मात्र हात लावू नये, ती भाजते. पॅडची धूळ माफक आहे. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो आणि पहिल्या काही ब्रेकला खरखर येते. त्यात काही बिघाड नाही, तो लगेच पुसला जातो. नटांची आवळणी शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासली, ती जशीच्या तशी होती. पावसाळा संपल्यावर चाके काढून पिना सरकतात का, एवढे बघण्याचे काम दरवर्षी करायचे ठरवले आहे. त्याला नवे काही विकत घ्यावे लागत नाही.

मागच्या ड्रमचे काम मी घरी केले नाही. त्यातल्या स्प्रिंगा, ॲडजस्टर आणि व्हील सिलिंडर यांची जुळणी अनुभवाची आहे, आणि सिलिंडर गळत असेल तर नळी उघडून एअर काढावी लागते. एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हवा त्या युनिटपर्यंत गेली, तर ती काढायला निदान-यंत्र लागू शकते. ज्याला हे पूर्वी कोणा जाणकाराच्या हाताखाली करता आलेले नाही, त्याने घरच्या माणसाच्या गाडीवर ते शिकू नये. मागचे लायनर तपासून घेण्यासाठी गाडी गॅरेजमध्ये दिली तेव्हा ड्रम समोर उघडायला सांगितले, लायनरची जाडी आणि सिलिंडरच्या कडेचा कोरडेपणा स्वतः पाहिला, ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घेतले आणि बाटली समोर फोडायला लावली. लायनर अजून पुष्कळ शिल्लक आहेत. त्यांची मोजलेली जाडी आणि गाडीचे त्या दिवशीचे किलोमीटर आत्याने गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत लिहून ठेवले आहेत.